काळ्या रेषेतले गाव : सूझा यांची नगरदृश्ये आणि रंगाचा भावार्थ

प्रतिमा आणि प्रतीक हा घटक शिकवताना आमच्या वर्गात दर वर्षी एक गोष्ट हमखास घडते. उत्तरपत्रिकांत एक कोष्टक उमटते : लाल म्हणजे क्रोध, हिरवा म्हणजे समृद्धी, पांढरा म्हणजे पावित्र्य आणि काळा म्हणजे दुःख. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हे कोष्टक आम्हीच कधीतरी फळ्यावर लिहून दिलेले असते. कवितेत रंगाचा उल्लेख आला की त्याचा 'अर्थ' सांगून मोकळे व्हायचे, ही आपल्या अध्यापनाची जुनी खोड आहे. काही वर्षांपूर्वी या खोडीला उतारा म्हणून आम्ही वर्गात फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या एका नगरदृश्याची छापील प्रतिकृती नेली. जाड काळ्या रेषांत कोंडलेली घरे, एकमेकांवर रेललेल्या भिंती, वर टोकदार मनोरे. सरावलीहून येणारा एक विद्यार्थी बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, हे गाव जळून गेलंय का?" मागच्या बाकावरून दुसरी म्हणाली, "जळालेलं नाही, ओलं आहे. पाऊस पडून गेल्यासारखं."

एकच काळा रंग एकाला राख वाटावा आणि दुसरीला पाणी, हे आमच्या कोष्टकात बसत नव्हते. पुढचे विवेचन म्हणजे त्या दोन वाक्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी संज्ञेविषयी. ज्याला आपण मराठीत अभिव्यक्तिवाद म्हणतो, त्या नावामुळे थोडी फसगत होते. अभिव्यक्ती कोणत्या कलेत नसते? मग या संप्रदायाचे वेगळेपण कशात? दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांनी रंगाकडे प्रकाशाची वार्ता मागितली होती : सकाळी अकरा वाजता ही भिंत कशी दिसते, ते रंगाने सांगायचे. अभिव्यक्तिवाद्यांनी रंगाला या वार्ताहराच्या नोकरीतून मुक्त केले. भिंत कशी दिसते याऐवजी त्या भिंतीसमोर उभे राहणाऱ्याला काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल येथे रात्रीच्या कॅफेचे चित्र काढले, तेव्हा लाल आणि हिरव्या रंगांच्या झुंजीतून माणसाच्या भयंकर वासना दाखवण्याचा आपला प्रयत्न असल्याचे त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात सांगितले. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला 'डी ब्र्यूके' हा गट स्थापन झाला आणि त्यातल्या किर्खनेरने पुढे बर्लिनच्या रस्त्यांची चित्रे काढली. त्याच्याही तीनशे वर्षे आधी एल ग्रेकोने टोलेडो शहरावर वादळी आभाळ ओढून ठेवले होते.

या चित्रकारांना नगरदृश्य इतके जवळचे का वाटले असावे? आम्हाला सुचणारे एक कारण असे. वाकलेले झाड पाहिले की आपण वाऱ्याकडे बोट दाखवतो. वाकलेल्या घराला असे नैसर्गिक स्पष्टीकरण नसते. घर माणसाने ओळंबा लावून, सरळ उभे राहावे म्हणून बांधलेले असते. ते चित्रात कलले की कलण्याचे कारण पाहणाऱ्याच्या मनात शोधावे लागते. रंगाचेही तसेच. संध्याकाळचे आभाळ लाल असणे ही नेहमीची गोष्ट आहे. रस्ता लाल असला की प्रश्न उभा राहतो.

हा विचार मुंबईला पोचला त्याला युरोपातले दुर्दैव कारण झाले. नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला 'अधःपतित कला' म्हणून याच चित्रांचे हेटाळणी करणारे प्रदर्शन भरवले. त्या काळात जर्मन भाषक जगातून बाहेर पडलेले तिघेजण मुंबईत स्थिरावले : चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर. लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांना मूळ चित्रे नाही, तरी चांगल्या प्रतिकृती पाहायला मिळत, आणि जे.जे.च्या यथातथ्य शिक्षणाबाहेरही चित्रकलेचे मोठे जग आहे याचा प्रत्यय येई. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांचे पहिले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये मुंबईत भरले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्‌घाटन केले.

या सहा जणांपैकी तिघांचा नगरदृश्याशी आणि रंगाशी असलेला संबंध शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. सय्यद हैदर रझा यांनी चाळीसच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांची जलरंगात कितीतरी चित्रे काढली. पावसाळी, ओघळती, चमचमती. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांची भेट झाली. चित्र इमारतीसारखे बांधावे लागते, त्याला पाया आणि भिंती लागतात, अशा अर्थाचा त्यांचा सल्ला रझांनी मनावर घेतला, आणि फ्रान्सला गेल्यावर त्यांची घरे घट्ट, कोरीव, निर्मनुष्य झाली. हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. विज्ञानाचे पदवीधर आणि काही काळ गणिताचे अध्यापक असलेल्या या माणसाने वस्तीचे दृश्य रंगांच्या मोठ्या पट्ट्यांत मोडले. गाडे यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, ही खंत येथे नोंदवून पुढे जातो. तिसरे सूझा. रझांनी घर बांधले, गाडे यांनी ते रंगात विरघळवले. सूझांनी ते हादरवले.

सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातल्या सालिगाव येथे झाला. वडील ते तान्हे असतानाच गेले, पाठोपाठ बहीण गेली. आई त्यांना घेऊन मुंबईला आली आणि शिवणकामावर घर चालवू लागली. लहानपणी त्यांना देवी आल्या, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला. 'फ्रान्सिस' हे नाव त्या नवसाचे. १९४० मध्ये ते जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि 'चले जाव' आंदोलनाच्या काळातल्या सहभागामुळे १९४५ मध्ये तेथून काढले गेले. १९४७ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि फार काळ रमले नाहीत. १९४९ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून पोलिसांची कारवाई त्यांच्या वाट्याला आली आणि त्याच वर्षी त्यांनी लंडन गाठले. तेथे काही वर्षे हलाखीत गेली. १९५५ मध्ये 'एन्काउंटर' या नियतकालिकात त्यांचा आत्मपर लेख आला, व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये प्रदर्शन झाले, आणि एका वर्षात त्यांचे नाव झाले.

येथे मराठीच्या विद्यार्थ्यांना एक समांतर रेषा दिसेल. प्रोग्रेसिव्ह गट स्थापन झाला त्याच १९४७ साली मर्ढेकरांच्या 'काही कविता' प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यावरही अश्लीलतेचा खटला झाला, आणि पुढे त्यातून त्यांची निर्दोष मुक्तता झाली. एकाच शहरात, एकाच सुमारास, एका कवीने आणि एका चित्रकाराने सुंदरतेची रूढ कल्पना झिडकारली आणि दोघांनाही कायद्याने हटकले. या दोघांचा परस्परांवर प्रभाव पडला असे आम्ही म्हणत नाही. शहरच त्या वेळी दोघांना तोच प्रश्न विचारत होते, इतकेच म्हणायचे आहे.

आता चित्रांकडे वळू. पन्नाशीच्या उत्तरार्धात आणि साठच्या आरंभी सूझांनी लंडनमध्ये, विशेषतः हॅम्पस्टेड आणि बेलसाइझ पार्कच्या परिसरात, अनेक नगरदृश्ये रंगवली. त्यांचे सामान्य गुण सांगता येतात. माणूस जवळपास नसतोच. घरे पेटीसारखी, पण कोनात न बसणारी, खिडक्या म्हणजे आडव्या-उभ्या फटकाऱ्यांच्या जाळ्या, झाडे काटेरी, मनोरे भाल्यासारखे. रंग दाट थरांत लावलेला असतो. निळा, गेरवट तांबडा, मळकट पिवळा, मध्येच एखादा झळाळता हिरवा. या सगळ्यांना वेढणारी, अडवणारी आणि एकत्र बांधणारी असते ती काळी रेषा. साठनंतरच्या चित्रांत ही घरे जणू धरणीकंपात सापडतात; रेषा फुटते, रंग सीमेबाहेर धावतो.

ही काळी रेषा कोठून आली? सूझांनी स्वतः लिहून ठेवले आहे की रोमन कॅथलिक चर्चचा आपल्यावर विलक्षण प्रभाव पडला. तोही धर्मसिद्धान्तांचा नव्हे, तर वास्तूच्या भव्यतेचा आणि उपासनेच्या वैभवाचा. चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना सूझांच्या चित्राची बांधणी ओळखीची वाटेल. त्या खिडक्यांत रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या काळ्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. शिसे नसेल तर काच गळून पडेल. आणि शिसे काळे दिसते म्हणूनच काच पेटल्यासारखी दिसते. फ्रेंच चित्रकार रुओ याने तरुणपणी अशाच काचकामाची उमेदवारी केली होती, आणि सूझांची रेषा त्याच्या रेषेची नातलग आहे. एक स्थानिक तपशीलही ध्यानात घ्यावा. गोव्यातली बहुतेक नामवंत चर्चे बरोक धाटणीची आहेत. सालिगावचे 'माय द देउश' चर्च मात्र टोकदार गॉथिक शिखरांचे आहे आणि १८७३ चे आहे. लंडनच्या चित्रांतले भाल्यासारखे मनोरे लंडनचेच असतील. पण ज्या डोळ्यांनी ते टिपले, त्यांना तसल्या टोकांची सवय फार आधीपासून होती.

पण येथे सावध राहिले पाहिजे. वडिलांचा मृत्यू, देवीचा आजार, दारिद्र्य, परदेश, म्हणून काळा रंग, अशी चरित्रातून चित्राकडे जाणारी वाट फार सोपी आहे. आमच्या कोष्टकाचीच ती सुधारित आवृत्ती होय. दुःखे पुष्कळांच्या वाट्याला येतात, अशी रेषा पुष्कळांना सापडत नाही. चरित्र फार तर साहित्य कोठून आले ते सांगते; बांधकाम कसे झाले ते चित्रातच पाहावे लागते.

बांधकामाच्या दृष्टीने पाहिले तर काळा रंग या नगरदृश्यांत दुःखाचे चिन्ह म्हणून येतच नाही. तो रंगांमधले नाते ठरवतो. तांबडे छप्पर आणि निळी भिंत थेट भिडली असती तर दोन्ही एकमेकांना खाऊन मंद झाली असती. मध्ये काळी रेषा आली की दोन्ही आपापल्या जागी कोंडली जातात आणि कोंडल्यामुळेच धुमसू लागतात. चित्र पाहताना जी बेचैनी वाटते ती या कोंडीची. एकट्या काळ्याला किंवा एकट्या तांबड्याला ती निर्माण करता येणार नाही. भावना असते ती दोन रंगांच्या नात्यात, एका रंगाच्या पोटात नव्हे.

हे म्हणायला आपल्याकडे परिभाषा नाही असे नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली, आणि कवितेसाठी भावनानिष्ठ समतानतेची कल्पना दिली. रंगसंवेदनांमधला संवाद-विरोध कसा पाहावा, हे सूझांच्या चित्रासमोर मर्ढेकर हाताशी असले की नीट कळते. मात्र मर्ढेकरांची वाटणी अशी की चित्राचे माध्यम शुद्ध संवेदना आणि साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ. अभिव्यक्तिवादी नगरदृश्य ही वाटणी मोडते. येथे रंगाची संवेदना आणि भावना यांच्यात सुरी घालायला जागा सापडत नाही. सूझांच्या घराची भिंत आधी 'तांबडी' आणि मग 'भयाण' असे दोन टप्प्यांत आपण पाहत नाही. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र शिकवताना त्याची मर्यादा दाखवायची असेल, तर शंभर पानांच्या खंडनापेक्षा असे एक चित्र अधिक उपयोगी पडावे.

दुसरा आधार त्याहून जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या सहाव्या अध्यायात रसांना वर्ण दिलेले आहेत. विद्यार्थी ते पाठ करतात, पण नीट पाहत नाहीत. करुणाचा वर्ण काळा नाही. कपोताचा, म्हणजे पारव्याचा करडा आहे. काळा आहे भयानकाचा. आणि शृंगार श्याम आहे! ज्या परंपरेत शृंगार सावळा असू शकतो आणि विठ्ठलाचे काळेपण हे लाडाचे कारण असते, त्या परंपरेतल्या विद्यार्थ्याने 'काळा म्हणजे दुःख' असे लिहावे, हे आम्हाला आता चमत्कारिक वाटते. भरताची यादीही एक कोष्टकच आहे, हा आक्षेप मान्य. परंतु तिचा एक उपयोग निश्चित आहे : आपले कोष्टक निसर्गसिद्ध नाही, हे ती दाखवून देते.

मराठी वाचकाला सूझांचे गाव अनोळखी वाटते याला आणखी एक कारण आहे. आपला गोवा बा. भ. बोरकरांच्या कवितेतून आणि दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांतून मनात वसला. माड, चांदणे, हळद आणि पोफळी यांचा तो गोवा खोटा नाही. त्याच्यावर आम्हीही वाढलो. दलालांचे रंग वाचकाला घरात बोलावतात, सूझांचे रंग त्याला उंबऱ्याबाहेर उभे करतात. दोन्ही चित्रकार गोव्याचे, दोघांनीही मुंबईत उमेदवारी केली, आणि एकाच भूमीतून रंगाच्या दोन टोकाच्या शक्यता निघाल्या. मराठी अभिरुचीने त्यांतली एक जवळ केली आणि दुसरी इंग्रजी समीक्षेवर सोपवली. सूझांवरचे पहिले सविस्तर पुस्तक १९६२ मध्ये एडविन मलिन्स यांनी इंग्रजीत लिहिले, यात नवल नाही. त्यानंतरच्या दशकांत मराठीने जी उदासीनता दाखवली, तिचा विचार आपणच करायला हवा.

साठच्या दशकाच्या मध्यावर सूझांनी एक टोकाचे पाऊल उचलले. रंगांना बांधणारी काळी रेषा त्यांनी काळ्याच पृष्ठभागावर ओढायला सुरुवात केली. काळ्यावर काळे. चेहरे, देह आणि नगरदृश्ये, सगळे एका रंगात बुडालेले. ही चित्रे १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत 'ब्लॅक आर्ट' या नावाने मांडली गेली. इंग्रजीत त्या शब्दांचा एक अर्थ जादूटोणा असाही होतो, आणि एका सावळ्या चित्रकाराने लंडनमध्ये आपल्या कलेला ते नाव देणे यातला खोडकरपणा लपत नाही. या चित्रांत घर दिसते कसे? रंगाचा थर जाड असतो आणि प्रत्येक फटकाऱ्याची दिशा वेगळी असते. प्रकाश तिरका पडला की एक भिंत चकाकते, दुसरी विझते. आपण पाऊलभर सरकलो की विझलेली भिंत उजळते आणि आधीची बुडते. पाहणारा स्थिर राहिला तर गाव नाही. तो हलला तर गाव आहे. अशा चित्राची छापील प्रतिकृती म्हणजे बहुतेक वेळा एक काळा चौकोन असतो. रंगाचे कोष्टक येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरते, कारण रंग एकच आहे आणि अनुभव मात्र क्षणाक्षणाला बदलतो.

मुंबईतल्या एका कलादालनात अशा एका चित्रासमोर उभे राहिलो, तेव्हा आम्हाला वर्गातली दोन वाक्ये आठवली. तैलरंगाचा काळा थर एका बाजूने कोळशासारखा कोरडा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूने भिजल्यासारखा चकाकत होता. जळालेले आणि ओले. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रतिकृती पाहून जे म्हटले त्यात चूक एवढीच होती की दोघांपैकी एकच बरोबर असणार असे त्यांना, आणि आम्हालाही, वाटले होते.

शेवटी आपल्या परिसराकडे. आमचे बहुतेक विद्यार्थी बोईसर, सरावली, चिंचणी, तारापूर या पट्ट्यातून येतात. या किनाऱ्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तारापूरचा किल्ला त्याची साक्ष देतो. सूझांच्या गोव्याशी आपले हे एक विसरलेले नाते. पूर्वेला डहाणू तालुक्यात, गंजाडजवळ, जिव्या सोमा म्हसे यांनी तांदळाच्या पिठाच्या एका पांढऱ्या रंगात अख्खे जग उभे केले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. लग्नाच्या चौकातला तो पांढरा कोणा एकाच्या भावनेचा नसतो, विधीचा आणि समूहाचा असतो. सूझांचा काळा एकट्या माणसाचा आहे. पण एकाच रंगातून किती काढता येते, या प्रश्नावर वारली भिंत आणि लंडनचे ते काळे चित्र अनपेक्षितपणे शेजारी येतात. वारली चित्रातही भाव रंगात नसतो. तो आकृत्यांमधल्या अंतरात, फेराच्या वळणात, म्हणजे पुन्हा नात्यातच असतो.

आणि मध्ये आमचे स्वतःचे नगर उभे आहे. १९६९ पासूनची अणुवीज, औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या, पत्र्याच्या शेड, नव्या इमारतींचे फिकट रंग, रुळांपलीकडची भातशेती. या दृश्याला कोणता रंग द्यावा? वृत्तपत्राला विचारले तर तो प्रगतीचा असेल नाहीतर प्रदूषणाचा. दोन्ही रंग आधीच ठरलेले आहेत. संध्याकाळी पाळी सुटल्यावर सरावलीच्या रस्त्याने घरी जाणाऱ्या मुलाला ते दृश्य कसे भिडते, ते यांपैकी कोणीही सांगू शकणार नाही. त्याचे त्यालाच सांगावे लागेल.

सूझा २८ मार्च २००२ रोजी मुंबईत वारले. त्यानंतर त्यांच्या चित्रांना लिलावात मिळालेल्या किमतींची चर्चा चित्रांपेक्षा अधिक झाली. आमच्या लेखी त्यांचे मोल वेगळे आहे. त्यांच्या नगरदृश्यांनी आमच्या फळ्यावरचे कोष्टक पुसले. आता रंगाचा उल्लेख असलेली कविता आली की त्याचा अर्थ काय, असे आम्ही विचारत नाही. तो रंग कोणाच्या शेजारी आहे, आणि तुम्ही कोठे उभे राहून त्याच्याकडे पाहता आहात, एवढेच विचारतो. उत्तरे पूर्वीसारखी नीटनेटकी येत नाहीत, आणि गुण देताना आमची पंचाईत होते. ती पंचाईत आम्हाला मंजूर आहे.